भांगाला बंद

मी नेमकं काय काम करते हे माझ्या आईला अजून कळलेलं नाही, आणि कळून घ्यायचा नादही तिने आता सोडला आहे. वाडीतल्या कुणी विचारलं तर ती सरळ सांगते, "कंपन्यांना मार्क देते." केळी आणि चिकूच्या बागेत आयुष्य काढलेल्या बाईने याहून बरं उत्तर काय द्यावं? मी स्वतः समजावून सांगायला जाते तेव्हा समोरचा माणूस दुसऱ्या वाक्याला जांभई देतो. आईचं उत्तर तेवढं लांबतच नाही.

तरी एकदा सांगते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कोळंबीचं खाद्य बनवणारा एक कारखाना आहे, तिथे मी नोकरीला आहे. हा कारखाना ज्यांच्याकडून माल घेतो, म्हणजे गोण्या, पिंपं, लाकडी पॅलेट, सुकी मासळी, कॅन्टीनचं जेवण, त्या प्रत्येकाकडे जाऊन मी तीन गोष्टी बघते. सांडपाणी आणि कचरा कुठे जातो, कामाच्या माणसांना कसं वागवतात, आणि कारभार सरळ आहे की नाही. याला आमच्याकडे ईएसजी म्हणतात. परदेशातलं गिऱ्हाईक हेड ऑफिसला विचारतं, हेड ऑफिस मला विचारतं, आणि मी स्कूटरला किक मारून बोईसरच्या धुळीत निघते. शेवटी हिरवा, पिवळा नाहीतर लाल शेरा पडतो. हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे सुधारा, लाल म्हणजे तुमचं नाव यादीतून गेलं.

माझ्या मते हे काम म्हणजे मुलगी बघायला जाण्याचा प्रकार आहे. तिकडे आधी कळवलेलं असतं, त्यामुळे घर झाडलेलं असतं, पोहे झालेले असतात आणि मुलीला गाता येतं असं सांगितलं जातं. इकडे फरशी धुतलेली असते, समोसे आलेले असतात आणि कामगारांना सकाळीच वाटलेल्या हेल्मेटवर दुकानाचं लेबल तसंच असतं. हेल्मेटची सवय नसल्याने ते बिचारे मान ताठ धरून चालतात. एकदा तर प्रथमोपचाराची एक पेटी मला आधी बेटेगावच्या बाजूला एका शेडमध्ये भेटली आणि दुपारी बोईसरला दुसऱ्याच्या भिंतीवर. झाकणावर कुठल्याशा लहान मुलाने चिकटवलेलं फुलपाखरू होतं, म्हणून ओळख पटली. मी त्या मालकाला म्हटलं, "ही माझ्याआधी पोचली की." तो इतका गोरामोरा झाला की मीच त्याला पाणी दिलं. पेटी शेजाऱ्याची होती, आणि शेजाऱ्याने ती तिसऱ्याकडून आणलेली होती.

मला या लबाड्यांचा राग येतो, आणि राग आला की मी चटकन बोलते. पण खरं सांगायचं तर हसूही येतं. माणसं वाईट नसतात, घाबरलेली असतात. मार्क जाण्याची भीती आपल्याला शाळेत लागते ती कायमची.

आता एका मावशीची गोष्ट. नवापूरच्या बाजूला एक कोळीवस्तीचं गाव आहे. तिथल्या बायकांनी मिळून एक गट केला होता, आणि गटाची पुढारी ही मावशी. अंगाने उंच, आवाजाने त्याहून उंच. हातातल्या बांगड्या मागे सारून बोलायला लागली की समोरच्याने आपलं म्हणणं विसरावं. या बायका जवळा सुकवतात. जवळा म्हणजे ती बारीक, पारदर्शक कोळंबी. गावाबाहेर रेतीच्या कडेला त्यांचं खळं आहे, सारवून गुळगुळीत केलेलं, तिथे जवळा सकाळी पसरायचा, उलटायचा आणि उन्हं उतरायच्या आत गोळा करायचा. हा जवळा आमच्या कारखान्यात कित्येक वर्षं येत होता, पण मधे बोईसरचा एक व्यापारी होता. आता आमच्या खरेदीवाल्यांना तो थेट गटाकडून घ्यायचा होता. अट एकच, गटाने ईएसजीत पास व्हायचं.

पहिल्या भेटीत मी मावशीला विचारलं की थेट माल देण्याची एवढी घाई का. मला वाटलं दराचं काहीतरी सांगेल. तर ती म्हणाली, "बाय, मी एकदा त्या व्यापाऱ्याच्या टेम्पोतून तुमच्या गेटवर आलती. पुढं जागा नव्हती, तर मागं गोण्यांवर बसलेली. गेटवाल्यानं इचारलं, माल कुनाचा? तो म्हनला, माझा. मी गोण्यांवर बसलेली हाय, माझ्या हाताला जवल्याचा वास हाय, आन् तो म्हनतो माझा." एवढं सांगून तिने बांगड्या मागे सारल्या. "मला तितं बसून आमचा म्हनायचं हाय. बस."

हे ऐकल्यावर मला मनापासून वाटलं की या बायका पास व्हाव्यात. पण वाटून उपयोग नव्हता. मी इथलीच, माझं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर, म्हणून हेड ऑफिसने माझ्यासाठी खास नियम केलेला. मुलाखत फोनवर रेकॉर्ड करायची, फोनमधली यंत्रणाच तिचं इंग्रजी करणार आणि ते थेट हेड ऑफिसला जाणार. मी मधे हात लावायचा नाही.

मुलाखत झकास झाली. लहान पोरं कामाला नाहीत, ती शाळेत जातात. पैशाचे व्यवहार चारचौघींसमोर होतात. प्लास्टिक गोळा करून विकतात. प्यायचं पाणी, संडास, सगळं कसं काय? "सगलं चांगलं हाय," मावशी म्हणाली, जरा घाईनेच. मग मी सुट्टीचं विचारलं.

"आठवड्याची नाय बाय. आमाला भांगाला सुट्टी."

"सगळ्यांना?"

"सगल्यांना. भांग लागला का बाया पन घरा, पुरुस पन घरा. कोनाला कामाला बोलवायचं नाय. बोलवून पन कोन येत नाय."

मला यात काहीच खटकलं नाही. आमच्या किनाऱ्यावर वाढलेल्या कुणालाच खटकणार नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला समुद्राला उधाण असतं, पाणी जोरात धावतं. अष्टमीच्या आसपास ते मंदावतं, त्याला भांग म्हणतात. आमच्याकडची मोठी जाळी समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेली असतात, आणि धावत्या पाण्याबरोबर मासळी आपणहून आत येते. पाणीच धावलं नाही तर मासळी येत नाही, मासळी आली नाही तर सुकवायला काही नाही. माझी आई बागेतली असून, गिऱ्हाईक नसतं म्हणून भांगाच्या दिवशी बाजारात टोपली नेत नाही. तेव्हा मी पुढचा प्रश्न विचारला, चहा प्यायले आणि घरी आले.

दोन-चार दिवसांनी हेड ऑफिसचा अहवाल आला. पर्यावरण हिरवं, कारभार हिरवा. माणसांच्या रकान्यात लालभडक चौकोन, आणि त्यात इंग्रजीत जे लिहिलं होतं त्याचा अर्थ असा: 'पंधरवड्यातून एकदा सर्व स्त्री-पुरुष कामगार भांगेच्या अंमलाखाली घरी पडून असतात. बोलावूनही ते कामावर येत नाहीत. व्यवस्थापनाला याची कल्पना असून व्यवस्थापनाचा याला पाठिंबा आहे.'

मी खुर्चीत मागे रेलून हसले. इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचा अकाउंटवाला उठून आला. मग लाल चौकोनाकडे पुन्हा नजर गेली आणि हसू आटलं. लाल म्हणजे लाल. या हंगामाची खरेदी त्याच आठवड्यात ठरायची होती, आणि गटाचं नाव गेलं की तोच जवळा, त्याच बायकांच्या हातचा, पुन्हा त्या व्यापाऱ्याचा म्हणून येणार होता.

मी हेड ऑफिसच्या तपासनीस साहेबांना फोन लावला. साहेब अतिशय सज्जन, बोलायला मऊ, आणि नियमाला चिकट. मी त्यांना सांगितलं की सर, ही ती भांग नाही, हा समुद्राचा भांग. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मैडम, भांग के बारे में मुझे मत समझाइए. मैं बनारस का हूँ."



"और आप वहीं की हैं," ते पुढे म्हणाले, "आपको उनके लिए बोलना नहीं चाहिए. मैं खुद आकर देखूँगा. बिना बताए." मला राग आला, पण त्यांचं चूक नव्हतं. मुलीकडच्या नात्यातल्या बाईने मुलीचं कौतुक केलं तर ते कोण धरतं? मला तिथे फक्त दुभाष्याचं काम करायचं होतं, जे बोललं जाईल ते जसंच्या तसं सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. मी कबूल केलं. फोन ठेवून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. साहेबांनी फक्त मला सांगितलेला दिवस अष्टमीचा होता. मी कपाळाला हात लावला.

साहेब बोईसर स्टेशनवर उतरले ते स्वतःची पाण्याची बाटली घेऊन, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. कंपनीने भाड्याची गाडी दिली होती. ड्रायव्हर लातूरकडचा, नोकरीसाठी बोईसरला येऊन पडलेला, आणि इथल्या दमट हवेवर मनापासून चिडलेला. गाडी वसाहतीतून बाहेर पडली, शिफ्टच्या बसगाड्या मागे राहिल्या, आणि खाऱ्या वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास आत आला. साहेब शुद्ध शाकाहारी. पण त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी लावला नाही. तेवढ्यावरून मला तो माणूस आवडला.

खळ्यावर चिटपाखरू नव्हतं. सारवलेली जमीन स्वच्छ, रिकामी. पलीकडे वर ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत तीन-चार पुरुष जाळ्यांच्या ढिगावर आडवे पसरलेले. त्यातला एक आमच्या पावलांनी जागा झाला. रात्रंदिवस खाऱ्या पाण्यात असणाऱ्यांचे डोळे लालच असतात, याचेही होते. साहेबांनी माझ्याकडे एक अर्थपूर्ण कटाक्ष टाकला.

"भाईसाहब, आज काम पर नहीं गए?"

"आज भांग हाय ना साहेब," तो हसतमुखाने म्हणाला.

"आज भांग है," मी भाषांतर केलं. जीभ चावायचीच बाकी होती.

"रोज़?"

"नाय नाय. पंधरवड्यातून. आठमीला लय असतो. मग एक-दोन दिस काय सुदरत नाय."

मी तेही सांगितलं. जसंच्या तसं. साहेबांनी खिशातलं एक पेन काढलं.

"औरतें भी?"

"बायांना पन भांगच ना," असं म्हणून त्याने कूस बदलली आणि तो पुन्हा झोपला.

आम्ही वस्तीत शिरलो. एका ओट्यावर एक म्हातारी नातीच्या केसांना तेल लावून वेणी घालत बसली होती. साहेब तिच्यापुढे अदबीने वाकले. बहुधा त्यांनी ठरवलं होतं की आता थेट विचारायचं. "माताजी, भांग कहाँ है?"

म्हातारीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग कंगव्याचं टोक नातीच्या डोक्यावर, केस दुभागलेल्या रेषेवर ठेवलं. "ह्यो काय. सरल हाय का नाय, तुमीच सांगा."

साहेब गोंधळले. मी तोंडावर धरायला ओढणी शोधत होते. नातीने मान तिरकी केली तशी म्हातारीने तिला टपली मारली, "हलू नको, भांग वाकडा होल." मी साहेबांना सांगितलं की आजी विचारतायत, सरळ आहे ना? ते म्हणाले, "जी, बिलकुल सीधी है," आणि पुढे चालू लागले. पण आता त्यांची चाल मघाइतकी ठाम नव्हती.

तोवर पाहुणे आल्याची बातमी मावशीपर्यंत पोचली होती. ती हात पुसत आली, मागून गटातल्या बायका. भांगाचा दिवस, सगळ्या घरी, सगळ्या न्हालेल्या, कुणी पापड लाटता लाटता उठलेली. साहेबांनी नमस्कार केला आणि अतिशय सौम्य शब्दांत विचारलं की आपण किती घेता, कधीपासून घेता, आणि सोडायची इच्छा आहे का. मी भाषांतर केलं. मावशी माझ्याकडे बघतच राहिली.

"काय घेतो?"

साहेबांनी हाताचा द्रोण केला आणि तोंडाशी नेला.

मावशीच्या बांगड्या मागे सरकल्या आणि मला वाटलं, संपलं, आता ही बाई या बनारसी माणसाला खाडीत घालणार. पण मागच्या एका बाईच्या तोंडून फुस्स झालं, आणि मग जे हसू फुटलं त्याला थांबाच नव्हता. एक बाई हसता हसता खाली बसली. दुसरीने तिला उठवायला हात दिला आणि तीही बसली. मावशी शेवटी हसली, पण हसली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. "अगो आये, आमी भांग पितो? मंग जवला कोन सुकवतं, ह्येंचा काका?" हे वाक्य मी साहेबांना सांगितलं नाही. नियम मोडला तो एवढाच.

"चला," ती साहेबांना म्हणाली, "दाखवते तुमाला भांग."

ती पुढे, साहेब मागे, त्यांच्या मागे अख्खी मिरवणूक. खाडीच्या तोंडाशी एक लहान जाळं खुंटांना बांधलेलं होतं. एरवी उधाणाला ते पाण्याने फुगून आडवं ताणलेलं असतं. आज दोरीवर घातलेल्या ओल्या लुगड्यासारखं लोंबत होतं. पाणी नावाला हलत होतं, काठाजवळची एक काडी जागच्या जागी गोल फिरत होती. मावशीने ती काडी दाखवली, जाळं दाखवलं, आणि सावकाश, मोठ्याने, जणू साहेब बहिरे आहेत असं समजून म्हणाली, "ह्यो भांग. दर्याला लागतो. आमाला नाय."

साहेब बराच वेळ त्या काडीकडे बघत होते. "पानी रुक जाता है," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "मैडम, आपने यही कहा था." मी म्हटलं, हो सर, यही कहा था. पण मनातून मला त्यांच्या चेहऱ्यावरची उत्सुकता बघून बरं वाटत होतं. पन्नाशीच्या माणसाला एवढं नवं काहीतरी मिळालं की तो लहान दिसतो.

तरी नियम होता. दुसऱ्या कुणाची, ज्याचा यात काही संबंध नाही अशा माणसाची साक्ष हवी. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. तिथे जो तो कुणाचा तरी दीर नाहीतर जाऊ. तेवढ्यात मागून आमचा ड्रायव्हर, हवेवर चिडलेला, एकदम म्हणाला, "भांगाची भरती ना? सूर्य, चंद्र आणि पृथ्वी काटकोनात आले की येते ती. आकृती काढायला लागायची. दोन मार्कांना हमखास."

सगळ्यांनी वळून पाहिलं. तो जरा ओशाळला. "भूगोलात होतं," तो म्हणाला. "समुद्र काय तेव्हा बघितला नव्हता. पाठ केलं आपलं."

मला तर त्याला मिठी मारावीशी वाटली. अख्ख्या महाराष्ट्राने ते शाळेत पाठ केलेलं असतं आणि परीक्षा झाल्यावर तिथेच सोडून दिलेलं असतं. लातूरच्या या माणसाकडे ते अजून शिल्लक होतं. साहेबांनी त्याच्याकडून रेतीत आकृती काढून घेतली. सूर्य, चंद्र, पृथ्वी, काटकोन. बायका वाकून बघत होत्या आणि मावशी म्हणत होती, "बग, आपला भांग पुस्तकात हाय." साहेबांनी आकृतीचा फोटो काढला.

परत खळ्यावर आलो. साहेबांचा चेहरा खुलला होता, आता चहा पिऊन निघायचं असं मला वाटलं. पण त्यांनी रिकाम्या खळ्यावर एक नजर फिरवली आणि सहज विचारलं, "दिनभर यहाँ काम करती हैं तो शौचालय किधर है?"

आता कुणीच हसलं नाही. मी विचारलं, तशी मावशी म्हणाली, "घरा जातो." घरं लांब होती, आम्ही आत्ताच चालून आलो होतो. साहेबांनी मान हलवली. मागची ती पहिली हसणारी बाई हळूच म्हणाली, "जवला टाकून कशा जानार? कावले खातात. आमी दुपारपरेंत पानीच पीत नाय." मावशीने तिच्याकडे असं पाहिलं की ती मागे सरकली.

मला फार वाईट वाटलं. मी या खळ्यावर लहानपणापासून येते, आईबरोबर सुकट घ्यायला. उन्हात बसलेल्या या बायका पाणी का पीत नाहीत, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. 

"बाय, त्यांना सांग ते लिहू नका," मावशी म्हणाली. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "भांगाचा घोल इतका सुटला, आता ह्याच्यात नको अडकवू. आमचं चालतं. मागून चालत आलंय."

मी सांगितलं. साहेब म्हणाले, "ये तो लिखूँगा." आणि त्यांनी लिहिलं.

मावशी गोणपाटावर बसली आणि समोरच्या रेतीकडे बघत राहिली. तिला काय वाटत होतं ते मला दिसत होतं. टेम्पो, गेट आणि तो व्यापारी. मी साहेबांवर भडकायच्या बेतात होते, आणि दुभाषी-बिभाषी गेलं उडत म्हणून तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी वही मिटली आणि मला म्हणाले की यांना नीट समजावून सांगा. लाल काढला. संडास, पाणी आणि सावली नाही म्हणून पिवळा दिला. पिवळ्याला नाव यादीत राहतं. पुढच्या हंगामापर्यंत मुदत मिळते, आणि खळ्यावर सोय करून द्यायला कंपनीने हात लावायचा, कारण माल कंपनीच घेणार आहे. हिरवा दिला असता तर हे कुणीच केलं नसतं.

मी एकेक वाक्य सांगत गेले. मावशीने मधे थांबवलं. "पिवला म्हंजे?"

"म्हणजे नाव राहिलं मावशी. फक्त सुधारणा करायची."

तिने बायकांकडे पाहिलं. "पिवला म्हंजे हलद की गो," ती म्हणाली, आणि आवाज पुन्हा होता तिथे गेला. "हलद लागली म्हंजे लगीन ठरलं. आता कोन मोडतं बगते."

वस्तीत परत येऊन साहेबांनी चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर मारून, ओट्यावर मांडी घालून. निघताना त्यांनी एक बारकं काम सांगितलं. नियमाप्रमाणे सुट्टीचा दिवस कामाच्या जागी फलकावर लिहिलेला पाहिजे, दुकानांवर 'सोमवारी बंद' असतं तसा. मावशी म्हणाली, एवढंच ना.

बोईसरला रिक्षांच्या मागे फुलं आणि नावं रंगवणारा एक पेंटर आहे, त्याच्याकडून तिने फलक करून घेतला. वर गटाचं नाव, गावाचं नाव, आणि खाली लाल अक्षरांत: भांगाला बंद. मी फोटो काढून साहेबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं की हा फोटो त्यांनी बनारसला भावाला पाठवला आहे आणि भावाचा विश्वास बसत नाही. पुढे कारखान्याच्या पैशांतून खळ्याच्या कडेला संडास झाला, पाण्याची टाकी आली, ताडपत्रीचा एक मांडवही उभा राहिला. मला वाटलं होतं बायका आधी मांडवात जाऊन बसतील. त्या आधी पाणी प्यायल्या. भर दुपारच्या आत, मोठ्या तांब्याने, एकमेकींकडे बघत, शाळेला दांडी मारल्यासारख्या.

थेट माल यायचा त्या सकाळी मी गेटवर जाऊन उभी राहिले. नव्या पुरवठादाराचा पहिला माल येतो तेव्हा मला तिथे असावंच लागतं, पण नसतं लागलं तरी मी गेलेच असते. टेम्पो आला. पुढे ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी होती, आणि मावशी मागे गोण्यांवर बसली होती. प्रत्येक गोणीवर निळ्या शाईचा छाप होता. पेंटरला तिने सांगितलं होतं की फलकावर आहे तेच गोणीवर मार, आणि त्या शहाण्याने खरोखर तेच मारलं होतं. वर गटाचं नाव, गावाचं नाव, आणि खाली, गोणीगणिक, 'भांगाला बंद'.

गेटवरचा पहारेकरी बिहारचा. त्याने एक एक अक्षर लावून ते वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. "भांग बंद? बहुत अच्छा किया अम्मा. हमारे गाँव में भी होना चाहिए." मी तोंड उघडलं, तर मावशीने डोळ्यांनीच मला गप्प केलं. मग त्याने पेन सरसावलं.

"माल किसका है?"

तिथे टेम्पो, पहारेकरी, मी आणि ती, एवढेच होतो. तरी मावशीने आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, कुणी उत्तर द्यायला पुढे येतंय का ते. कुणी आलं नाही.

"आमचा," ती म्हणाली. मग बांगड्या मागे सारून, मोठ्याने, पुन्हा एकदा म्हणाली, "आमचा हाय."